प्रति: आधी सॉफ्टवेअर की आधी टी-शर्ट?

शाळेतल्या मुलांना टी-शर्टचं डिझाइन शिकवण्याबद्दल इथे कुणीतरी लिहिलंय, ‘मुलांना आधी सॉफ्टवेअर नीट शिकवा, टी-शर्ट मग बघू’. हे मत मला अजिबात पटत नाही. आठवी-नववीच्या पोरांना आपलं डिझाइन अंगावर मिरवायला मिळणार म्हटलं की ती टूल्स आपणहून शोधतात.

विषय नाशिकचाच द्या. रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद) घ्या, मित्रांच्या ढोल पथकाचा टी-शर्ट घ्या. अट एकच: दोनच रंग. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे शाई गाळणारी जाळीची चौकट लागते, त्यामुळे खर्च वाढतो. शिवाय गडद कापडावर रंग उठून दिसायला खाली पांढरा थर द्यावा लागतो, तीही एक स्क्रीनच. हे कळलं की रहाडीत उडी घेणाऱ्याचं चित्र काढताना मुलगा नाक-डोळे सोडून देतो आणि उडालेल्या पाण्याचा आकार पकडतो. डिझाइन इथे सुरू होतं!

देवनागरीकडे तर खास लक्ष द्या. बारीक फॉन्टमधला अनुस्वार जाळीतून धड उतरत नाही, आणि ‘ष’च्या पोटातली पोकळी शाईने भरून जाते. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘बलू’ हा फॉन्ट मोफत आहे, जाडजूड आहे, टिकतो. चित्र काढायचं सॉफ्टवेअर इंकस्केपही मोफतच. फाइल छपाईला देण्याआधी अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेखाटलेल्या आकारांत, रूपांतर करायला लावा, नाहीतर तिकडच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात.

आणि छापण्याआधी खऱ्या मापाची प्रिंट कागदावर काढून छातीवर पिनांनी लावा, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मुलांना वाचायला सांगा. मास्तरांनी तेवढा वेळ गप्प बसावं.