ग्राम स्टेनमध्ये बॅसिलसच्या मधोमध भोक दिसतंय, हेच स्पोअर का?

जर्नल_अपूर्ण:
एसवाय मायक्रोबायोलॉजीला आहे. काल बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचं ग्राम स्टेन केलं (रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितलं), दांड्या मस्त जांभळ्या आल्या पण बऱ्याच दांड्यांत मधोमध पांढरं भोक, पंचिंग मशीन मारल्यासारखं. मॅडम "स्पोअर आहे" (जिवाणूचं टणक, सुप्त रूप) म्हणाल्या आणि पुढच्या टेबलावर गेल्या. पुस्तकात तर स्पोअरचे कोअर (गाभा), कॉर्टेक्स, कोट असे कांद्यासारखे थर काढलेत, मला ऑइल इमर्शनवर (तेल लावून वापरायची लेन्स) एकही दिसला नाही. जर्नलमध्ये काढू काय?

स्लाइडवाला:
जे दिसलं तेच काढ, भोक तर भोक. थर दिसणार नाहीत, आख्खं स्पोअरच जेमतेम १ मायक्रॉनचं, आपला मायक्रोस्कोप ०.२ मायक्रॉनच्या खाली दोन गोष्टी वेगळ्या दाखवत नाही. पुस्तकातली चित्रं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पातळ काप घेऊन बघितल्यावरची आहेत.

जर्नल_अपूर्ण:
ओके पण रंग तिथेच का नाही गेला?

काकू_मायक्रोवाल्या:
अरे तीच तर गंमत आहे, बाहेरचा कोट प्रोटीनचा, एकावर एक थर, त्याच्या आत कॉर्टेक्स म्हणजे पेप्टिडोग्लायकनचं जाड अस्तर, त्याच्याही आत एक पक्की मेम्ब्रेन, एवढ्यातून थंड रंग आत जातच नाही. म्हणून मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग लावून स्लाइड ५ मिनिटं वाफेवर ठेवतात, एकदा रंग आत गेला की साध्या पाण्याने धुऊनही निघत नाही. बाकी पेशीतला मात्र धुतला जातो आणि तिला सॅफ्रानिनने गुलाबी करतात. स्लाइड सुकू देऊ नकोस, वाफ येत राहिली पाहिजे, उकळी नको. आणि कल्चर (वाढवलेले जिवाणू) शिळं घे, २४ तासांच्या ताज्या कल्चरमध्ये बऱ्याचदा स्पोअर फारसे नसतात.

स्लाइडवाला:
+१. कोअरमध्ये पाणी पण कमी असतं, शिवाय कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक ॲसिड ठासून भरलेलं आणि डीएनएला छोटी प्रोटीन चिकटलेली. म्हणून तर नुसतं उकळून भागत नाही, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेचं यंत्र) १२१ डिग्रीला १५ मिनिटं लावावा लागतो. फेज काँट्रास्ट मायक्रोस्कोप असेल तर रंग न लावताच बघ, स्पोअर काजव्यासारखे चमकतात, आणि अंकुरले की पाणी आत शिरून काळे पडतात.

जर्नल_अपूर्ण:
फेज काँट्रास्ट आहे, कपाटात, किल्ली विभागप्रमुखांकडे 😅 आज ४ दिवसांचं कल्चर घेऊन मॅलाकाइट केलं, हिरवे ठिपके आले!! बोटं पण हिरवी, आई विचारतेय कसला रंग खेळून आलास.

काकू_मायक्रोवाल्या:
ग्लोव्हज घाल रे बाबा पुढच्या वेळी.