एमएस असताना व्यायाम करावा की नाही, आणि खचलेल्या मनाचे काय करावे

प्रश्न: जुळेसोलापूर३६

नमस्कार. माझे वय ३६ आहे, मी सोलापुरात राहते आणि शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागले, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएस या मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजाराचे, निदान झाले. मधूनच उचल खाणारा आणि नंतर बराचसा निवळणारा प्रकार आहे, असे न्यूरॉलॉजिस्टनी सांगितले. औषध नियमित चालू आहे आणि गेल्या वर्षभरात नवा अटॅक आलेला नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी नेहमीप्रमाणे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालायला गेले होते. जमीन अजून तापलेली होती. वीस मिनिटे चालून झाल्यावर डावा पाय ओढला जाऊ लागला, चपलेचे टोक फरशीला घासू लागले, आणि समोरच्या माणसांचे चेहरे पुसट झाले. मी तिथेच खाली बसले आणि भावाला बोलावून रिक्षाने घरी आले. पंख्याखाली तासभर पडून राहिल्यावर सगळे पूर्ववत झाले. पण घरच्यांनी आणि मीही इतका धसका घेतला की त्या दिवसापासून व्यायाम बंद आहे.

आता तीन महिने झाले. पाय अधिकच जड झाले आहेत आणि मन तर पार खचले आहे. सकाळी उठावेसे वाटत नाही, वह्या तपासायला घेतल्या की डोळ्यांत पाणी येते, आणि ज्या मैत्रिणींशिवाय करमत नसे त्यांचे फोनही मी घेत नाही. सासूबाई प्रेमाने सांगतात की देवाचे नाव घे, मन रमव. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. व्यायामाने माझा आजार वाढला का? आणि हे जे मनाचे चालले आहे तो माझा आळस आहे, दुबळेपणा आहे की आजाराचाच भाग आहे?

उत्तर: विजापूररोड

ताई, मला एमएस होऊन अकरा वर्षे झाली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्या एका संध्याकाळच्या भीतीपायी मीही दीड वर्ष घरात बसून काढले होते.

तुम्ही वर्णन केलेला प्रकार डॉक्टरांना शंभर वर्षांहून अधिक काळापासून ठाऊक आहे. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये तो नोंदवला, म्हणून त्याला त्याचेच नाव आहे. व्यायामानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, असे त्याच्या लक्षात आले होते. आपल्या मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण जिथे झिजलेले असते, तिथून संदेश कसाबसा पुढे जात असतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो तिथे अडखळतो, आणि शरीर थंड झाले की पुन्हा वाहू लागतो. यात मज्जातंतूला नवी इजा होत नाही. खऱ्या अटॅकची लक्षणे निदान २४ तास टिकतात आणि त्या वेळी ताप किंवा संसर्ग नसतो. तुमचे तासाभरात निवळले, यावरून ते उष्णतेमुळे झाले असावे असे मला वाटते. तरीही ही हकिकत पुढच्या भेटीत डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा. लक्षणे दिवसभर टिकली, तर मात्र भेटीची वाट न पाहता लगेच फोन करा. लघवीच्या संसर्गामुळेही जुनी लक्षणे डोके वर काढतात, हे अनेकांना माहीत नसते.

एके काळी एमएसच्या रुग्णांना सरसकट विश्रांतीचाच सल्ला दिला जाई. तो आता मागे पडला आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये पंधरा आठवड्यांच्या व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांचा दम वाढला, आणि नैराश्य व चिडचिड यांतही उतार दिसला. कॅनडात २०१३ मध्ये सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. तिथवर पोहोचायला मला पाच महिने लागले. मी पाच मिनिटांपासून सुरुवात केली होती.

सोलापुरात मार्चअखेरीपासून जूनपर्यंत संध्याकाळची वेळ आपल्यासाठी नाहीच, कारण दिवसभर तापलेले रस्ते आणि भिंती रात्रीपर्यंत उष्णता सोडत असतात. मी पहाटे साडेपाचला निघतो. निघण्यापूर्वी गार पाणी पितो आणि आपल्याकडचा टेरी टॉवेल भिजवून, पिळून मानेभोवती घेतो. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत त्याचा गारवा चांगला टिकतो. सध्याच्या दमट दिवसांत तो उपाय तितका चालत नाही, त्यामुळे मी घरातच पंख्यासमोर व्यायाम करतो. वारंवार लघवीला जावे लागते म्हणून पाणी कमी पिण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. तो टाळा. चालताना एखादे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. ते जमेनासे झाले की वेग जास्त आहे असे समजा. नळाला पाणी येते त्या दिवशी मी चालायला जात नाही. भरलेल्या बादल्या उचलण्यातच त्या दिवसाची शक्ती खर्च होते, आणि एमएसचा थकवा उसनी शक्ती देत नाही.

उत्तर: फिजिओ_होटगीरोड

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे; थोडी भर घालते. पायाचे टोक घासते, याचा अर्थ पाऊल वर उचलणारे स्नायू दमत आहेत. पडण्याचा धोका तिथेच असतो. चालण्याचा व्यायाम पुन्हा सुरू करण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना विचारून फिजिओथेरपिस्टकडून एकदा चाल आणि तोल तपासून घ्या. गरज असेल तर घोट्याला आधार देणारा पट्टा मिळतो. चप्पल नको, मागून बंद असलेले बूट घाला. घरी भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव करा, आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम ओट्याला धरूनच करा, डोळे मिटून नको. मान खाली वाकवल्यावर पाठीतून वीज गेल्यासारखे वाटत असेल, तर ज्या आसनांत हनुवटी छातीला लागते ती सोडून द्या. व्यायामाने वाढलेला त्रास तासा-दोन तासांत ओसरला पाहिजे. दुसऱ्या दिवशीही अंग गळालेले असेल, तर पुढच्या वेळी मात्रा निम्मी करा.

उत्तर: धाकट्याचा_भाऊ

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला मनापासून लिहायचे आहे. माझ्या धाकट्या भावाला एमएस आहे. त्याला शेंगाचटणी आणि कडक भाकरी जीव की प्राण होती. ते ताट समोर असताना तो एक तुकडा मोडून हातात धरून बसायचा आणि तो तसाच खाली ठेवायचा. भर दुपारी तो चादर तोंडावर ओढून पडलेला असायचा, आणि आम्ही त्याला कधी रागावत, कधी समजावत राहिलो. एका डॉक्टरांनीही एवढा मोठा आजार आहे म्हटल्यावर उदास वाटणारच, असे म्हणून विषय संपवला. ते वाक्य आम्ही खरे मानले आणि त्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. त्याचे मला आजही वाईट वाटते.

नंतर कळले ते असे की एमएस असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते, आणि ते केवळ आजाराच्या दुःखातून येत नाही. मेंदूतील दाह आणि तिथल्या जखमा भावनांच्या यंत्रणेवरही परिणाम करतात. अटॅकच्या वेळी दिलेल्या स्टेरॉइडमुळे मनाची अवस्था वरखाली होऊ शकते, आणि इंटरफेरॉन हे एमएसवरचे औषध घेणाऱ्यांनाही मनःस्थितीकडे लक्ष ठेवायला सांगितले जाते. म्हणून तुमचे औषध कोणते आहे ते सांगून न्यूरॉलॉजिस्टशी बोला, मात्र ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. पाय ओढतो हे जसे तुम्ही त्यांना सांगाल, तसेच वह्या तपासताना रडू येते हेही सांगा. हा आळस नाही आणि दुबळेपणाही नाही. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिले, तर तपासणी करून घ्यायलाच हवी, आणि तुमचे तर तीन महिने झाले आहेत.

भावाला मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि सोबत सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत सुचवली. एमएसची औषधे चालू असतानाही हे उपचार घेता येतात. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे माहीत असली पाहिजेत. गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत गुण येत नाही म्हणून ती सोडू नका. व्यायामाची मदत होते, पण इतके खोल गेलेले मन एकट्या व्यायामाने वर येईल अशी अपेक्षा ठेवून स्वतःवर आणखी एक ओझे लादू नका.

आणखी एक गोष्ट विचारल्यावाचून राहवत नाही. जगणे नकोसे वाटते, असा विचार मनात येतो का? येत असेल तर आजच घरातल्या एका माणसाला सांगा, एकट्या राहू नका, आणि १४४१६ या टेली-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. सासूबाईंना देवाचे नाव घेऊ द्या आणि तुम्हीही घ्या, पण त्यांना हे सगळे एकदा वाचून दाखवा. आमच्या आईला आजार समजला तेव्हा घरातली निम्मी भांडणे मिटली.

प्रतिसाद: जुळेसोलापूर३६

तुम्हा तिघांची मी ऋणी आहे. दादा, तुम्ही विचारलेला विचार दोनदा मनात येऊन गेला होता. तो मी काल रात्री यजमानांना सांगितला. ते बराच वेळ माझा हात धरून बसले आणि सकाळी त्यांनीच न्यूरॉलॉजिस्टना फोन केला. गुरुवारची वेळ मिळाली आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञांचे नावही त्यांच्याकडूनच घेणार आहोत. तोवर घरात मला कोणी एकटी ठेवणार नाही, असे ठरले आहे. चाल तपासून होईपर्यंत बाहेर जाणार नाही. आज पहाटे पंख्यासमोर खुर्चीवरून सहा वेळा उठले आणि बसले. खुर्ची सासूबाईंनी धरली होती.