मदत हवी आहे : आरटीई प्रवेशातील मुलांकडून शाळा ‘शुल्क-फरक’ मागू शकते का?

माझी भाची शिक्षण हक्क कायदा (आरटीई), 2009 च्या कलम 12(1)(सी) खालील, दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव मोफत जागेवर विनाअनुदानित खासगी शाळेत तिसरीत शिकते. शाळा महाराष्ट्रातील असून अल्पसंख्याक संस्थेची नाही आणि प्रवेश ऑनलाइन सोडतीतून झालेला आहे. गेल्या आठवड्यात तिच्या डायरीत ‘शुल्क-फरक’ असा मथळा असलेली, शाळेचा शिक्का किंवा सही नसलेली अर्धपानी टंकलिखित चिठ्ठी आली. शासनाची प्रतिपूर्ती (अशा मुलांच्या शुल्कापोटी शासन शाळेला देते ती रक्कम) वर्षानुवर्षे थकते, शिवाय तिचा प्रतिबालक वार्षिक 17,670 रुपयांचा दर आपल्या शुल्कापेक्षा कमी आहे, म्हणून उरलेली रक्कम पालकांनी भरावी, असे शाळा सांगते.

शाळेची अडचण मला खोटी वाटत नाही. परंतु कलम 12(2) प्रमाणे राज्याचा प्रतिबालक खर्च आणि प्रत्यक्ष शुल्क यांपैकी कमी असेल तेवढीच रक्कम शासन देते, आणि फरक पालकांवर टाकण्याची तरतूद मला कायद्यात कुठेही सापडली नाही. कलम 3(2) तर शिक्षणात अडथळा ठरेल असे कोणतेही शुल्क बालकाकडून घेण्यास मनाई करते.

मुख्याध्यापकांना लेखी विचारले, उत्तर नाही. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज दिला. तेथे ‘भरू नका’ असे तोंडी सांगितले, पण लेखी द्यायला कोणी तयार नाही. मुलगी त्याच वर्गात बसते, त्यामुळे तूर्त न्यायालयात जायचे नाही, आणि शाळा बदलण्याचाही विचार नाही.

प्रतिपूर्ती थकली तरी पालकांकडून वसुली करता येणार नाही असे स्पष्ट सांगणारा राज्याचा शासन निर्णय किंवा परिपत्रक कोणाकडे आहे का, आणि लेखी आदेशासाठी पुढचा अर्ज नेमका कोणत्या अधिकाऱ्याकडे करावा?