नव्या गाडीच्या फॉर्मवर लवादाची अट: ग्राहक आयोगाचा रस्ता बंद झाला का?

गोकुळशिरगावकर:
मंडळी, दिवाळीत ९ लाख २० हजारांची गाडी घेतली. महिन्याभरात आईला घेऊन गगनबावड्याला निघालो, तर चढावर गिअरच पडेना. मागं उसाची ट्रॉली, आई दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसलेली. त्यानंतर चार वेळा शोरूमला गाडी लावली. चारही जॉबकार्डांवर एकच शेरा: 'तपासले, दोष नाही'. गाडी बदलून द्या म्हटल्यावर मॅनेजरनं बुकिंग फॉर्म उलटा केला आणि २२ व्या कलमावर बोट ठेवलं. वाद झाला तर लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निकाल देणारा त्रयस्थ. तो नेमणार कंपनी, सुनावणी दिल्लीत. सही माझीच आहे. पण ती रात्री साडेआठला, शटर अर्धं खाली आल्यावर, पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी केलेली. तेवढ्यावर मी अडकलो का?

बावड्याची वकील:
नाही अडकला, दादा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम १०० वाचा. हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, म्हणून लवादाची अट असली तरी आयोगाचं दार उघडंच राहतं. करारात लवाद असेल तर वाद तिकडं पाठवायला सांगणारं लवाद कायद्याचं कलम ८ २०१५ मध्ये बदललं, तेव्हा 'आता लवादाकडेच पाठवा' असा युक्तिवाद एका बिल्डर कंपनीनं केला होता. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये एमार विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात तो फेटाळला. ते प्रकरण घराचं, पण तत्त्व गाडीलाही तेच. तक्रार तुम्ही राहता तिथं, म्हणजे कोल्हापुरातच करता येते. तुमच्या रकमेला फी २०० रुपये, मुदत दोन वर्षं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. अट रद्द होत नाही, निवड तुमची असते. लवादाची नोटीस आली तर गप्प बसू नका आणि तिथं जाऊन बाजूही मांडत बसू नका. 'मी ग्राहक आयोगात जातोय, लवादाला माझी हरकत आहे' असं लगेच लेखी कळवा.

गोकुळशिरगावकर:
गाडीची आरसी माझ्या नावावर आहे, माझ्या वर्कशॉपच्या नाही. पण कर्जाच्या करारातही तसंच कलम आहे. गाडी दारात उभी, मग हप्ते थांबवू का?

बावड्याची वकील:
अजिबात नको! तो करार वेगळा, फायनान्सवाल्याशी. गाडीतला दोष हे हप्ता थकवायला कारण होत नाही. थकलात तर ते तुमच्याविरुद्ध लवाद सुरू करतील, गाडीही ओढून नेतील. आरसी स्वतःच्या नावावर आहे ते बरं झालं, नाहीतर 'धंद्यासाठी घेतली, हा ग्राहकच नाही' हा पहिला आक्षेप आला असता.

टेंबलाईवाडीचा:
मी अशीच केस हरलोय, म्हणून कळकळीनं सांगतो. लवादाचा मुद्दा आम्ही जिंकलो, पण दोष सिद्ध झाला नाही. माझ्याकडं नुसती बिलं होती. तपासणीसाठी ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली अर्ज करा, आयोग गाडी प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो. आणि पुढचं जॉबकार्ड लिहिताना काउंटरवरच उभे राहा. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात 'चढावर गिअर पडत नाही' हे शब्द आल्याशिवाय सही करू नका.

गोकुळशिरगावकर:
आत्ताच चारही जॉबकार्डं काढून बघितली. तीन ठिकाणी त्या रकान्यात 'जनरल चेकअप' लिहिलंय. उद्या सकाळीच शोरूमला जातो, ताई. त्यांना पाठवायच्या नोटिशीचा मसुदा तेवढा बघाल का?