मदत हवी आहे: तीव्र दाहाच्या पहिल्या ४८ तासांची वेळरेषा जुळत नाही

ठणका:
तीव्र दाह, म्हणजेच अॅक्यूट इन्फ्लमेशन, शिकवण्यासाठी पहिल्या दोन दिवसांची एक वेळरेषा काढायला घेतली आहे. तीन ठिकाणी अडलंय.

१) हिस्टामिनमुळे (दाहात सुटणारं एक रसायन) रक्तवाहिन्यांतून होणारी द्रवाची गळती १५ ते ३० मिनिटांत थांबते असं सगळीकडे लिहिलेलं आहे. मग मुरगळलेला घोटा दुसऱ्या दिवशी जास्त का सुजतो? आणि अँटीहिस्टामिनच्या गोळीने ती सूज उतरत का नाही?
२) न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाहत्या रक्तातून नेमके इजेच्याच जागी कसे थांबतात? सिलेक्टिन, इंटिग्रिन ही पेशी चिकटवणाऱ्या रेणूंची नावं पाठ आहेत, पण दोन वेगळे रेणू कशाला लागतात?
३) पहिल्या काही तासांत सीआरपी (दाहात रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल येतो. उलट रुग्ण बरा होत आला तरी ईएसआर (नळीत लाल पेशी खाली बसण्याचा वेग) चढलेलाच. या दोन रेषा कुठे काढायच्या?

'दाह ही शरीराची संरक्षण यंत्रणा आहे' छापाची उत्तरं कृपया नकोत.

सूक्ष्मनीला:
आधी लाली आणि सूज वेगळ्या करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. लाली आणि गरमपणा येतो तो धमनिका (बारीक धमन्या) रुंदावल्यामुळे, जास्त रक्त आल्यामुळे. (गरमपणा त्वचेपुरताच जाणवतो, कारण त्वचा एरवी शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असते. सुजलेलं अपेंडिक्स शेजारच्या आतड्यापेक्षा गरम लागणार नाही.) सूज मात्र पुढच्या टप्प्यावरची: केशवाहिन्यांनंतर लागणाऱ्या सूक्ष्म नीलांमधली.

मास्ट पेशींनी (ऊतीतल्या, हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या पेशी) हिस्टामिन सोडलं की ते त्या नीलांच्या अस्तरपेशींना आकुंचन पावायला लावतं, दोन पेशींमध्ये फट पडते आणि प्रथिनांसकट रक्तद्रव बाहेर जातो. प्रथिनं बाहेर गेली हे महत्त्वाचं. रक्तातली प्रथिनं साधारण २५ मिमी पाऱ्याइतक्या ओढीने पाणी आत धरून ठेवतात. ती ओढ कमी होते, बाहेरची वाढते, आणि पाणी प्रथिनांमागे जातं. म्हणून दाहातल्या द्रवात प्रथिनं भरपूर असतात, सहसा डेसिलिटरला ३ ग्रॅमच्या वर. हृदय कमजोर झाल्यावर पायावर येणाऱ्या सुजेच्या पाण्यात ती खूपच कमी असतात.

आता घोटा. तिथे हिस्टामिनची फट हा सगळ्यात छोटा भाग आहे. अस्थिबंध ताणला जाताना वाहिन्याच फाटतात, अस्तरपेशी मरतात. ही थेट इजेची गळती लगेच सुरू होते आणि वाहिनीत गुठळी बसेपर्यंत किंवा अस्तर दुरुस्त होईपर्यंत चालू राहते. त्यात रक्तस्राव, ब्रॅडिकायनिन व ल्युकोट्रायीन ही दाहाची रसायनं आणि काही तासांनी येणाऱ्या पांढऱ्या पेशींनी केलेलं नुकसान यांची भर पडते. अँटीहिस्टामिन या यादीतल्या एकाच गोष्टीला अडवतं, तीही अर्ध्या तासात संपणारी. गांधीलमाशीच्या चाव्यावरची खाज त्याने कमी होते, मुरगळा उतरत नाही, ते याचमुळे.

तुमच्या वेळरेषेवर गळतीची एकच रेघ काढू नका. किमान तीन काढा: तत्काळ आणि अल्पजीवी, तत्काळ आणि दीर्घ, आणि उशिरा सुरू होणारी. तिसरीचं उत्तम उदाहरण उन्हाने भाजलेली त्वचा. तिथली गळती कित्येक तासांनी सुरू होते.

पू_का_होतो:
वरच्यात एक भर. साचलेला द्रव परत नेण्याचं काम लसीकावाहिन्यांचं, आणि त्या संथ. पाय खाली लोंबकळत ठेवला की नीलांमधला दाब वाढतो आणि गळती जोर धरते. म्हणून पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवायला सांगतात. बर्फाने मुख्यतः ठणका कमी होतो, कारण थंडीत चेतातंतूंचा वेग मंदावतो. कापडात गुंडाळून १० ते २० मिनिटं पुरे, थेट त्वचेवर नको. बर्फाने दुरुस्तीच लवकर होते असा दावा मात्र फळ्यावर लिहू नका.

प्रश्न २. सिलेक्टिन आणि इंटिग्रिन यांची कामं वेगळी आहेत. धमनिका रुंदावल्या, द्रव बाहेर गेला, रक्त दाट आणि संथ झालं की पांढऱ्या पेशी प्रवाहाच्या कडेला लोटल्या जातात. तिथे सिलेक्टिन त्यांना हलके पकडतं. हे बंध पटकन जुळतात आणि पटकन तुटतात, त्यामुळे पेशी थांबत नाही, भिंतीवरून गडगडत जाते. पी-सिलेक्टिन अस्तरपेशीत तयार साठवलेलं असतं, ते मिनिटांत पृष्ठभागावर येतं. ई-सिलेक्टिन टीएनएफ आणि आयएल-१ (दाहाचे निरोप नेणारी प्रथिनं) यांच्या हुकमावर नव्याने बनवावं लागतं, त्याला एक-दोन तास लागतात. तुमच्या रेषेवर हा फरक दाखवाच.

इंटिग्रिन न्यूट्रोफिलवर कायम असतात, पण एरवी ढिले, दुमडलेले. गडगडताना अस्तरावर चिकटलेला आयएल-८ (न्यूट्रोफिलांना बोलावणारं रसायन) भेटला की ते क्षणात ताठ होतात आणि अस्तरपेशींवरच्या आयकॅम-१ या रेणूला घट्ट धरतात. म्हणजे पेशी थांबायला दोन सह्या लागतात: ही भिंत दाहातली आहे ही एक, आणि इथे रसायनांचा इशाराही आहे ही दुसरी. एकाच रेणूवर काम भागवलं असतं तर न्यूट्रोफिल वाटेल तिथे चिकटले असते.

पुढे सीडी३१ या चिकट रेणूच्या मदतीने अस्तरपेशींमधून बाहेर, आणि सी५ए (रक्तातल्या एका संरक्षक प्रथिनाचा तुकडा), ल्युकोट्रायीन बी४, जिवाणूंचे पेप्टाइड यांच्या वासाने इजेकडे. ६ ते २४ तासांत न्यूट्रोफिलांचा जोर, २४ ते ४८ तासांत मोनोसाइट (ऊतीत शिरून मॅक्रोफेज बनणाऱ्या पांढऱ्या पेशी).

ही साखळी खरी आहे हे पटवायचं असेल तर सीडी१८ चा (इंटिग्रिनचाच एक भाग) जन्मजात दोष सांगा. त्या बाळांच्या रक्तात न्यूट्रोफिल प्रचंड, जखमेत पू जवळजवळ नाही, नाळ गळायला उशीर. फौज आहे, पण उतरता येत नाही.

लॅबचा_माणूस:
प्रश्न ३ माझ्या खात्यातला. सीआरपी इजेच्या जागी बनत नाही, यकृतात बनतो, आयएल-६ चा निरोप पोचल्यावर. रक्तातली वाढ दिसायला ६ ते १२ तास, शिखर साधारण ४८ तासांच्या आसपास. पोटात दुखायला लागून चार तास झालेत आणि सीआरपी नॉर्मल आला, तर त्याचा अर्थ 'अजून वेळ झालेली नाही' एवढाच. १२ ते २४ तासांनी पुन्हा करा.

उतरताना तो वेगाने उतरतो, कारण अर्धायुष्य सुमारे १९ तास. कारण दूर झालं की दिवसागणिक जवळपास निम्मा व्हायला हवा. ईएसआर मोठ्या प्रमाणात फायब्रिनोजेनवर (गुठळी बनवणारं रक्तातलं प्रथिन) चालतो. त्याचं अर्धायुष्य साधारण चार दिवस, म्हणून रेषा लोंबत राहते. त्यात रक्तक्षय, गरोदरपण, वय यांनीही ईएसआर वाढतो. दोन्हींत फारकत दिसली तर तीव्र दाहासाठी सीआरपीवर भिस्त ठेवा.

दोन सापळे. टोसिलिझुमॅबसारखं आयएल-६ अडवणारं औषध चालू असेल तर गंभीर संसर्गातही सीआरपी खालीच राहू शकतो. आणि स्टिरॉइड चालू असताना न्यूट्रोफिल वाढलेले दिसले म्हणून लगेच संसर्ग म्हणू नका. भिंतीला टेकलेल्या पेशी सुटून मोजणीत येतात, आकडा फुगतो. स्मिअरवर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) अपक्व बँड पेशी आणि टॉक्सिक दाणे (न्यूट्रोफिलमधले गडद दाणे) बघा, ते स्टिरॉइडने सहसा येत नाहीत.

ठणका:
तिन्ही उत्तरांबद्दल आभार, तीन रेघांची युक्ती वापरतो. एक उपप्रश्न: आयबुप्रोफेन दिल्यावर ठणका तासाभरात कमी होतो, सूज मात्र तशीच. असं का?

सूक्ष्मनीला:
ते औषध प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतं. त्यातलंच एक, पीजीई२, स्वतः फारसं दुखवत नाही, ते वेदनातंतू हळवे करतं, मग ब्रॅडिकायनिनचा आणि साध्या दाबाचाही ठणका लागतो. नवीन पीजीई२ थांबलं की हळवेपणा उतरतो. धमनिका थोड्या आवळतात, त्यामुळे लालीही कमी होते. पण आधीच बाहेर पडलेला द्रव आणि रक्त तिथेच आहे. ते शोषलं जायला लसीकावाहिन्यांचा वेग लागेल, त्यावर गोळीचा हुकूम चालत नाही.

पू_का_होतो:
वेळरेषेच्या शेवटी 'दाह आपोआप विझतो' लिहिणार असाल तर थांबा. न्यूट्रोफिल ऊतीत एक-दोन दिवसांत मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि हे गिळणं हाच मॅक्रोफेजला आयएल-१० व टीजीएफ-बीटा हे दाह शमवणारे रेणू सोडण्याचा इशारा असतो. त्याच सुमारास मेदाम्लांपासून ल्युकोट्रायीनऐवजी लिपॉक्सिन (दाह विझवणारे रेणू) बनू लागतात आणि नवीन न्यूट्रोफिल येणं बंद होतं. म्हणजे विझवण्याचीही यंत्रणा आहे.

ती अडते कुठे, याचं उदाहरण म्हणून गळू घ्या. मध्ये मेलेल्या पेशींचा पू, भोवती फायब्रिन आणि पुढे तंतुमय भिंत, आत रक्तपुरवठा नाही, आम्लता वाढलेली, ऑक्सिजन संपलेला. अँटिबायोटिक पुरेसं आत शिरत नाही, आणि जेंटामायसिनसारखं तर अशा आम्लयुक्त, ऑक्सिजनविरहित जागी काम करतच नाही. म्हणून तिथे आधी चीर देऊन पू काढायचा, गोळ्या नंतर.