लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचे प्रमुख कसे ठरले? वशिला की पारख?

वैनगंगाकाठ (आरमोरी तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका खेड्यातील माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. गावच्या वाचनालयात आम्ही दहा-बारा जण रविवारी संध्याकाळी बसतो; एकाने विषय वाचून यायचे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, अशी आमची पद्धत आहे. गेल्या रविवारी मी अमेरिकेतील लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेविषयी सांगितले. हे पथक १४ मे १८०४ रोजी निघाले, मिसुरी नदीने वर चढत आणि रॉकी पर्वत ओलांडून पॅसिफिक महासागरापर्यंत गेले आणि २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईसला परतले.

माझे सांगून झाल्यावर एका निवृत्त ग्रामसेवकांनी विचारले की, राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी एवढ्या मोठ्या कामावर आपल्याच खासगी चिटणीसाला, म्हणजे लुईसला नेमले. तो त्यांच्याच भागातला, वय अवघे २८, शिवाय शास्त्रज्ञ नव्हे. मग याला वशिला का म्हणू नये? त्यांच्या शेजारी बसलेल्या एका कास्तकाराचा प्रश्न याहून अवघड होता: एका पथकाचे दोन प्रमुख असतील, तर शेवटचा शब्द कोणाचा? मला दोघांचेही समाधान करता आले नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी.

जुनी बखर (वर्धा)

गुरुजी, ग्रामसेवकांची शंका रास्त आहे. या पदासाठी अर्ज मागवले गेले नाहीत की चार नावांची तुलना करणारी समिती बसली नाही. मेरिवेदर लुईस यांचे घर जेफरसन यांच्या घरापासून फार दूर नव्हते आणि जेफरसन त्यांना लहानपणापासून ओळखत होते. तरीही ही निवड एका दिवसात झालेली नाही, हे मंडळींना अवश्य सांगा.

पश्चिमेकडे कोणाला तरी पाठवावे हा जेफरसन यांचा ध्यास वीस वर्षांचा होता. १७८३ मध्ये त्यांनी जॉर्ज रॉजर्स क्लार्क या सेनानीला विचारले, पण त्याने नकार दिला. पुढे ज्या विल्यम क्लार्कचे नाव या मोहिमेशी जोडले गेले, त्याचा हा थोरला भाऊ. त्यानंतर जॉन लेडयार्ड नावाचा प्रवासी रशियामार्गे निघाला, परंतु सम्राज्ञी कॅथरीनच्या आज्ञेने त्याला अटक होऊन परत पाठवण्यात आले. १७९३ मध्ये आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला पाठवण्याचे ठरले. तो राजकीय कारस्थानात गुंतल्यामुळे तेही फसले. विशेष म्हणजे त्याच वेळी, अजून विशीही न गाठलेल्या लुईसने ‘मला पाठवा’ असा आग्रह धरला होता, असे जेफरसन यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. तेव्हा त्याला डावलून शास्त्रज्ञ निवडला गेला. म्हणजे केवळ विद्येच्या बळावर माणूस निवडून पाहण्याचा प्रयोग आधीच झालेला होता.

१८०३ मध्ये संसदेकडे गुप्त संदेशाद्वारे २,५०० डॉलर मागितल्यानंतर जेफरसन यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ बार्टन यांना जे पत्र लिहिले, त्यात या निवडीचे कारण स्पष्टपणे आले आहे. वनस्पती, खनिजे आणि खगोल यांचे पूर्ण ज्ञान असलेला आणि त्याच वेळी काटक शरीराचा, धीराचा, सावध, रानात राहण्याची सवय असलेला आणि तेथील मूळ रहिवाशांच्या चालीरीती जाणणारा, असा माणूस मिळणे अशक्य आहे. त्यांपैकी दुसऱ्या बाजूचे सगळे गुण लुईसपाशी आहेत, असा त्या पत्राचा आशय आहे. मग पहिल्या बाजूची उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी लुईसला लँकेस्टर आणि फिलाडेल्फिया येथे पाठवले. तेथे एलिकट आणि पॅटरसन यांनी ताऱ्यांवरून स्थान काढणे शिकवले, बार्टन यांनी वनस्पती, विस्टार यांनी जीवाश्म आणि डॉक्टर रश यांनी प्रवासातील औषधोपचार. वशिल्याने नेमलेल्या माणसाच्या उणिवा सहसा झाकल्या जातात. येथे त्या पत्रात लिहून मोकळेपणाने कबूल केलेल्या आहेत.

मोहफूल

मी वनखात्यात काम करतो, म्हणून एवढेच जोडतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणीगणना असते, तेव्हा मचाणावर शहरातून आलेल्या शिकलेल्या मुलांसोबत आम्ही गावातील एखादा जाणता माणूस बसवतो. नोंदवही कशी भरायची हे त्या माणसाला तासाभरात समजावता येते. अंधारात कोणता आवाज कोणाचा, हे त्या मुलांना एका रात्रीत शिकवता येत नाही. जेफरसन यांचा हिशोब मला त्यामुळे पटतो.

मात्र लुईसच्या स्वभावाची काळजी तेव्हाही होती. महान्यायवादी लेव्ही लिंकन यांनी एप्रिल १८०३ मध्ये जेफरसन यांना कळवले होते की, संकटात हा माणूस लवकर माघार घेण्यापेक्षा नको तितका पुढे जाण्याचीच शक्यता अधिक आहे. २० जून १८०३ च्या लेखी सूचनांमध्ये बलाढ्य विरोध झाल्यास परत फिरावे, माणसांचे प्राण आणि मिळवलेली माहिती वाचवावी, असे बजावले आहे.

सभासद, ग्रामसभा (धानोरा तालुका)

दुसऱ्या प्रश्नाविषयी मी सविस्तर लिहिते, कारण मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

विल्यम क्लार्कची निवड जेफरसन यांच्या संमतीने, पण लुईसने केली. १७९५ मध्ये सैन्यात लुईस काही काळ क्लार्कच्या हाताखाली होता. १९ जून १८०३ च्या पत्रात त्याने आपल्या या जुन्या वरिष्ठाला दुय्यम जागा देऊ केली नाही, तर बरोबरीचा अधिकार आणि कॅप्टनचे पद देऊ केले. उत्तर येईना, तेव्हा त्याने मोझेस हुक नावाचा पर्यायी अधिकारीही तयार ठेवला होता. पण जुलैअखेर क्लार्कचा होकार आला. पुढे युद्धखात्याने शब्द पाळला नाही आणि क्लार्कला केवळ सेकंड लेफ्टनंटचे नेमणूकपत्र पाठवले. लुईसने ती गोष्ट पथकाला कळू दिली नाही. संपूर्ण प्रवासात क्लार्क ‘कॅप्टन’च राहिला, आणि परतल्यावर जमीन देण्याची वेळ आली तेव्हाही लुईसने समान वाट्याचा आग्रह धरला, दोघांना प्रत्येकी १,६०० एकर मिळाले. कागदोपत्री कॅप्टनपद क्लार्कला २००१ मध्ये, मरणोत्तर मिळाले.

शेवटचा शब्द कोणाचा, याचे उत्तर जून १८०५ मधील एका प्रसंगात आहे. मिसुरीला एक मोठी नदी येऊन मिळाली आणि मुख्य प्रवाह कोणता हे कळेना. पथकातील जवळजवळ सर्वांना उत्तरेकडील फाटा खरा वाटत होता, दोघा कॅप्टनांना मात्र दक्षिणेकडील. त्यांनी हुकूम देऊन घाई केली नाही. दोन्ही फाटे काही दिवस चालून पाहिले, आणि तरीही मत न पटलेली माणसे आनंदाने त्यांच्यामागे गेली. मिसुरीवर असल्याचे आधीच ऐकलेल्या मोठ्या धबधब्यापाशी लुईस १३ जूनला पोहोचला आणि दक्षिणेचा फाटा खरा ठरला. आमच्या ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत बैठका पुढे ढकलल्या जातात, तेव्हा लोक वेळ गेल्याची तक्रार करतात. मला त्या नदीसंगमावर थांबलेले ते दिवस आठवतात.

पथकातील नेमणुकांमध्ये एकदा मतदानही झाले होते. सार्जंट चार्ल्स फ्लॉइड २० ऑगस्ट १८०४ रोजी आजाराने वारला. संपूर्ण मोहिमेत दगावलेला तो एकमेव माणूस. त्याच्या जागेसाठी माणसांनी मते दिली आणि पॅट्रिक गॅस १९ मतांनी निवडला गेला. नोव्हेंबर १८०५ मध्ये हिवाळी छावणीच्या जागेविषयी विचारले गेले, तेव्हा क्लार्कचा गुलाम यॉर्क याचे मतही नोंदले गेले. तोच यॉर्क परतल्यावर स्वातंत्र्य मागू लागला, तेव्हा क्लार्कने ते लगेच दिले नाही. वाचनालयात हा भाग कृपया वगळू नका.

वैनगंगाकाठ

ताई, भाऊ, आपणा सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारी मी त्या दोन फाट्यांपासूनच सुरुवात करीन आणि निर्णय सांगण्याआधी मंडळींना आपापले मत चिठ्ठीवर लिहायला लावीन. लिंकन यांचा इशारा ग्रामसेवकांनीच वाचून दाखवावा, अशी त्यांना विनंती करणार आहे. यॉर्कविषयी स्वतंत्र रविवार ठेवावा लागेल. त्यासाठी ताईंनी वेळ काढून यावे.