प्रतिसाद : तलवार खोटी नाही

दादा, "तीन हजार वर्षांची तलवार इतकी चकचकीत कशी, नक्कीच बनावट" असं तुम्ही जर्मनीत सापडलेल्या तलवारीबद्दल लिहिलंय. मला ते पटत नाही. जर्मनीत बव्हेरियातल्या नॉर्डलिंगेनला 2023 मध्ये सापडलेली ही तलवार कांशाची आहे. लोखंड गंजून पापुद्रे धरतं आणि खलास होतं. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. त्यावर चढणारा हिरवा थर बऱ्याचदा आतल्या धातूला सांभाळतो. शिवाय ती एका पुरुष, बाई आणि मुलाच्या कबरीत होती, म्हणजे कुणी माणसानं जपून ठेवलेली. अष्टकोनी मूठसुद्धा कांशाचीच. ओतकाम करणाऱ्याचा हात काय असेल!

आणि "आपल्याकडं असलं काही नाही" हे तर अजिबात मान्य नाही. आपल्या गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेकाठी, दायमाबादला, 1974 मध्ये झाडाचं खोड खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या जुन्या धातूच्या मूर्ती निघाल्या. चार वस्तू मिळून साठ किलोच्या वर! पैठणजवळच्या आपेगावातही ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या काळातली, वस्ती उत्खननात सापडलीय. माउलींचं आपेगाव म्हणून सगळे जातात, हे मात्र कुणी सांगत नाही.

आमच्याकडं शेतात टाकायला पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती ट्रॉल्यांनी उपसतात. त्यात खापरं, मणी निघतात. हिरवट धातूचा तुकडा दिसला तर कृपा करून घासू नका, मोडीत घालू नका. जागेवरच फोटो काढा आणि तहसीलला कळवा. 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते.